ऋणनिर्देशाचे पान

ओंकारेश्वराच्या देवळापासून पुलावर चढायला दोन मिनिटे लागतात. पाटीवर नाव आहे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे. रिक्षावाल्याला ते सांगितले तर तो ‘म्हणजे बालगंधर्वचा ना?’ असे विचारून खात्री करून घेतो. शिंद्यांनी १९३३ साली ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ लिहिला आणि मराठीतल्या समाजशास्त्रीय लेखनात तो अजून पहिल्या रांगेत आहे. त्यांच्याच नावाच्या पुलावर २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ते ज्या ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक होते त्याचे कार्यालय आमच्याच शनिवार पेठेत, ४३१ क्रमांकाला. तिथून उलट दिशेला चालत गेले की शनिवारवाडा लागतो. त्याच्या पटांगणात ३१ डिसेंबर २०१७ ला एल्गार परिषद झाली आणि पुढे त्याच परिषदेवरून जो खटला उभा राहिला त्यात प्राध्यापक, वकील, कवी, जातीचे अभ्यासक असे अनेकजण तुरुंगात गेले.

हा सगळा फेरा सकाळच्या चालण्यात पुरा होतो. त्यामुळे ‘दडपणाच्या वातावरणात समाजशास्त्रीय संशोधन करावे का, कसे, आणि कशासाठी’ हा प्रश्न निघाला की आमच्या भागात कोणाला कैरो किंवा बीजिंग आठवावे लागत नाही. या प्रश्नावर जगभर लिहिले गेले आहे. त्यातले बरेचसे लेखन संशोधकाच्या धाडसाविषयी आहे: तो गेला, अडकला, सुटला, लिहिले. मला त्या धाडसाचे कौतुक आहे, पण माझी शंका वेगळी आहे. हे धाडस कोणाच्या खात्यावर मांडले जाते? पुण्याचा गेल्या सव्वाशे वर्षांचा अनुभव काढून पाहिला तर ते बहुधा दार उघडणाऱ्याच्या, दुभाष्याच्या, कागद काढून देणाऱ्याच्या खात्यावर पडलेले दिसते.

सर्वांत उघडे उदाहरण २००३-०४ चे. जेम्स लेन या अमेरिकी अभ्यासकाचे शिवाजी महाराजांवरचे इंग्रजी पुस्तक २००३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले. त्यातल्या एका वाक्यावर संताप उसळला. इथल्या काही इतिहासकारांनीही प्रकाशकाकडे पुस्तक मागे घेण्याची मागणी केली आणि नोव्हेंबरात प्रकाशकाने ते भारतातून मागे घेतले. प्रकरण तिथे संपायला हवे होते. पण पुस्तकाच्या सुरुवातीला, सगळ्याच पुस्तकांत असते तसे, ऋणनिर्देशाचे पान होते. डिसेंबरात संस्कृतचे अभ्यासक श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडाला शिवसैनिकांनी काळे फासले. कारण एवढेच, की लेनने त्यांचे आभार मानले होते. ५ जानेवारी २००४ ला संभाजी ब्रिगेडचा जमाव भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत शिरला. कपाटे, पोथ्या, हस्तलिखिते, चित्रे यांची नासधूस झाली. संस्थेचा गुन्हा म्हणजे तिचेही नाव त्या पानावर होते. इतिहासकार गजानन मेहेंदळे यांनी उद्वेगाने आपल्याच शिवचरित्राच्या हस्तलिखिताची पाने फाडली, आणि ही गोष्ट मला काळे फासण्याइतकीच भयंकर वाटते.

न्यायालयांचे म्हणाल तर त्यांनी आपल्या गतीने काम केले. लेनवरचा फौजदारी गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द ठरवला, पुस्तकावरची राज्य सरकारची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी उठवली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. लेखक अमेरिकेत होता. इथे राहणाऱ्यांना मधली वर्षे इथेच काढायची होती. आभार मानणे ही विद्येतली सर्वांत जुनी सभ्यता. तिची यादी हल्लेखोरांच्या हाती जाऊ शकते हे त्या हिवाळ्यात पुण्याने पाहिले. नैतिकतेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात ‘ऋणनिर्देश कसा लिहावा’ असे प्रकरण मी तरी वाचलेले नाही.

याच्या नेमके उलट टोकाचे उदाहरण एक शतक आधीचे, आणि तेही पुण्याचेच. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्यात प्लेग आणि प्लेग-अधिकारी रँडचा कारभार. घरे तपासणाऱ्या गोऱ्या सैनिकांच्या वागणुकीबद्दल पुण्याहून मित्रांची पत्रे गेली, त्यात दोन स्त्रियांवरच्या अत्याचाराचा उल्लेख होता. गोखल्यांनी तो ‘मँचेस्टर गार्डियन’मधून जाहीर केला. सरकारने इन्कार केला आणि पुरावा मागितला. तोवर २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, जुलैच्या शेवटी टिळकांना अटक झाली, नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली खटल्यावाचून डांबले गेले. अशा दिवसांत गोखले मुंबईत बोटीतून उतरले. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुढे येऊन सांगायला तयार नव्हते, आणि त्यांना दोष द्यावा असेही ते दिवस नव्हते. गोखल्यांनी नावे उघड केली नाहीत. त्यांनी आपले विधान बिनशर्त मागे घेऊन गव्हर्नरची आणि सैनिकांची जाहीर माफी मागितली.

मराठी इतिहासात ही माफी गोखल्यांच्या मवाळपणाच्या खात्यात टाकायची पद्धत आहे. त्या डिसेंबरात अमरावतीच्या काँग्रेसमध्ये त्यांच्या वाट्याला आलेली अवहेलनाही तीच होती. मी मात्र ती संशोधनाच्या नीतीचा धडा म्हणून वाचते, आणि त्यात दोन्ही गोष्टी दिसतात. पडताळा न करता ऐकीव माहिती छापली ही चूक. ती निस्तरताना माहिती देणाऱ्यांना वाचवून सगळी नामुष्की एकट्याने अंगावर घेतली, हे मात्र आजच्या कुठल्याही नीतिसमितीच्या अटींपेक्षा कडक पथ्य होते. पुढे १९३० मध्ये त्यांच्या नावाने डेक्कनला जी अर्थशास्त्र-राज्यशास्त्राची संस्था निघाली, तिचा सगळा भर कोरड्या, पडताळलेल्या आकड्यांवर राहिला. त्या माफीचा आणि या भराचा संबंध कोणी कागदोपत्री दाखवलेला नाही, पण मला तो योगायोग वाटत नाही.

सरकारला आकड्यांचे वावडे तेव्हाही होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७६-७७ च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली. न्यायमूर्ती रानडे त्यामागे होते. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले, बुधवारवाडा आणि विश्रामबागवाड्याला आगी लागल्या, आणि संशयाने रानड्यांची धुळ्याला बदली झाली. तिथे त्यांची टपाले फोडून पाहिली जात, हे त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणींत आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात सभेचे लोक गावोगाव सरकारच्याच फॅमिन कोडातल्या, म्हणजे दुष्काळ-संहितेतल्या, सवलती समजावत फिरले, तेव्हा सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. दुष्काळ किती आहे हे मोजणे आणि रयतेला तिचा हक्क सांगणे, यांत सरकारला फरक दिसत नव्हता. खरे तर फारसा फरक नसतोही.

उलट हॅरॉल्ड मान यांच्यासारखा गोरा सरकारी अधिकारी, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा प्राचार्य, १९१७ मध्ये पिंपळे सौदागरचा अभ्यास छापून तिथल्या बहुतेक कुटुंबांचा जमाखर्च जुळत नाही असे लिहू शकत होता. तेच सभेने लिहिले असते तर ते राजकारण ठरले असते. कोण विचारतो यावर प्रश्न ‘शास्त्रीय’ की ‘चिथावणीखोर’ हे ठरते. मानसाहेबांनी गावाचे नाव सरळ छापले. पुढे ती पद्धत बदलली. १९६५ मध्ये हेन्री ऑरेन्स्टाइन यांनी पुणे जिल्ह्यातल्या एका गावावर पुस्तक लिहिले आणि गावाला टोपणनाव दिले ‘गाव’. इंग्रजी वाचकाला ते विशेषनाम वाटत असेल. आपल्याला हसू येते. पण टोपणनावाने कितीसे झाकते? ‘गावातली एकुलती एक पदवीधर विधवा’ असे लिहिले की नाव लिहिले काय अन् न लिहिले काय, बाजाराच्या दिवशी सगळ्यांना कळते.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे सगळे उंटावरून शेळ्या हाकल्यासारखे होईल. तीसेक वर्षांपूर्वी एका संस्थेच्या पाहणीसाठी मी ऊसतोड मजुरांच्या तळांवर हिंडत होते. पाचटाच्या खोपी, तीन दगडांची चूल, पहाटेची थंडी. प्रश्नावली छापील होती. पहिल्याच पानावर नाव, गाव, मुकादमाचे नाव, एका कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याला, मिळालेली उचल (आगाऊ रक्कम). एक बाई मोळी बांधता बांधता बोलत होती. तिने आधी विचारले, ‘तुम्ही कारखान्याच्या का सरकारच्या?’ मी म्हटले, कोणाचीच नाही, अभ्यासाची. ती हसली. अभ्यासाची माणसे तिला तिसऱ्या प्रकारची वाटली नसावीत. तरीही ती बोलली: उचल किती, फिटली किती, मारहाण कोणी केली. मी सगळे उतरवले, नावासकट. त्या तक्त्यांची एक प्रत वाटेत कुठेतरी नको त्या टेबलावर गेली. पुढच्या हंगामात त्या कोयत्याला त्या मुकादमाने उचल दिली नाही. मला हे कळले तेही वर्षानंतर, दुसऱ्या कोणाकडून.

मराठीत माहिती देणाऱ्याला दोन शब्द आहेत, माहीतगार आणि खबऱ्या. पहिल्याला आपण पाणी विचारतो, दुसऱ्याचे हातपाय मोडतो. संशोधकाला वाटते आपण पहिल्याशी बोलतोय. मुकादमाला, ठाण्याला, पक्षाच्या शाखेला वाटते की समोरचा दुसरा आहे. दोन्ही बाजूंनी बंदुका असलेल्या गडचिरोलीत तर ही फोड जीव घेऊ शकते; पोलिसांशी बोललात तर नक्षलवाद्यांच्या दलमला संशय, दलमच्या मुलखात मुक्काम केला तर पोलिसांना. पलीकडे बस्तरवर वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या नंदिनी सुंदर यांच्यावर २०१६ मध्ये खुनाचा गुन्हा दाखल झाला होता. नंतर पोलिसांनीच त्यांचे नाव वगळले.

दडपण म्हटले की आपण लगेच दिल्लीकडे बोट दाखवतो. भांडारकरवर चालून गेला तो जमाव होता, माझ्या बाईची उचल बंद करणारा मुकादम. राज्यसंस्था नुसती तिऱ्हाइतासारखी उभी राहिली तरी काम भागते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर संशोधकाच्या हाती फारसे काही नाही. वकिलाला अशिलाचे बोलणे उघड न करण्याचे संरक्षण आहे. ‘मी तुमचे नाव सांगणार नाही’ या संशोधकाच्या शब्दाला तसे काही नाही. बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडमधल्या जुन्या लढवय्यांच्या मुलाखती ‘तुमच्या मृत्यूनंतरच उघडू’ असे वचन देऊन ध्वनिमुद्रित केल्या. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांसाठी त्यांवर समन्स निघाले, फिती द्याव्या लागल्या, आणि २०१४ मध्ये त्या तपासात जेरी अ‍ॅडम्स यांना अटक झाली. वचन देणाऱ्यांनी ते कायद्याने पाळता येते का हे आधी नीट विचारलेच नव्हते. आपल्याकडे एल्गार प्रकरणात तपास यंत्रणेची बरीच भिस्त जप्त केलेल्या संगणकांवर आहे. त्यांतल्या काही फाइली बाहेरून घुसडल्या गेल्या असे एका अमेरिकी प्रयोगशाळेने बचाव पक्षाला सांगितले, यंत्रणेने ते मानले नाही, आणि खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे. त्यात मी पडत नाही. पण मुलाखतींच्या फिती, क्षेत्रटिपणे, फोन क्रमांक एकाच लॅपटॉपवर ठेवून खेड्यापाड्यांत हिंडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्या प्रकरणातून निदान एवढे तरी शिकावे की ती पेटी आपल्या मालकीची आहे हा भ्रम आहे.

त्याच खटल्याच्या सुनावणीत ऑगस्ट २०१९ मध्ये ‘घरात अमुक पुस्तक का ठेवले’ असा प्रश्न उच्च न्यायालयात निघाला. टॉलस्टॉयची कादंबरी की जंगलमहालवरचा लेखसंग्रह, असा गोंधळ झाला. न्यायमूर्तींनी दुसऱ्या दिवशी खुलासाही केला. देशभर विनोद झाले. पुढे २०२३ मध्ये याच खटल्यातले आरोपी व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने नुसते साहित्य बाळगणे दहशतवादी कृत्य ठरत नाही, असे स्पष्ट केले. तोवर दोघे पाच वर्षे आत होते. जातीच्या प्रश्नावर इंग्रजीत ज्यांच्याइतके सातत्याने फार थोड्यांनी लिहिले, ते आनंद तेलतुंबडे याच खटल्यात १४ एप्रिल २०२० ला, आंबेडकर जयंतीला, शरण गेले आणि २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी, जामिनावर सुटले. तारखांची ही जुळणी कोणा कादंबरीकाराने केली असती तर संपादकाने ती कापली असती.

संशय नेहमी निराधार असतो असेही नाही. १९६४ मध्ये अमेरिकी लष्कराने ‘प्रोजेक्ट कॅमेलॉट’ नावाची योजना आखली: कोणत्या समाजात बंड होईल याचे भाकीत समाजशास्त्रज्ञांकडून करून घ्यायचे. चिलीत बोभाटा झाला आणि १९६५ च्या जुलैत ती गुंडाळावी लागली. त्याच्याही आधी, १९१९ मध्ये, फ्रान्झ बोआस यांनी मानववंशशास्त्रज्ञ हेरगिरी करतात असे जाहीर लिहिले, तर त्यांच्याच संघटनेने त्यांच्यावर ठपका ठेवला. म्हणजे ‘तुम्ही कारखान्याच्या का सरकारच्या’ हा त्या बाईचा प्रश्न जागतिक दर्जाचा होता. कैरोत स्वतंत्र कामगार संघटनांचा अभ्यास करणारा केंब्रिजचा विद्यार्थी जुलिओ रेजेनी २५ जानेवारी २०१६ ला बेपत्ता झाला आणि दहा दिवसांच्या आत त्याचा छळ झालेला मृतदेह सापडला. त्याच्यावर हेरगिरीचा संशय घेतला गेला होता. त्या संशयाला जुन्या हेरांनी घातलेले खतपाणीही कारण आहेच.

मग उपाय काय सुचवले जातात? संमतिपत्र, समिती, टोपणनाव. मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकाराने २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नीतितत्त्वे तयार झाली. तेव्हा आपल्याकडे असे काम कोणी केले नव्हते आणि ती आजही उपयोगी आहेत. पण विद्यापीठांनी त्यातला फॉर्म उचलला. दहशत असलेल्या ठिकाणी सही घेणे हाच धोका असतो. ‘सर्व जोखमी मला समजल्या आहेत’ यावर अंगठा घेतलेला कागद संस्थेला वाचवतो, बाईला अडकवतो. अनुभवी लोक म्हणूनच तोंडी संमती घेतात, नाव आणि मुलाखत वेगळ्या वह्यांत ठेवतात आणि काम झाले की नावांची वही जाळतात. हे कोणी शिकवत नाही, चुकल्यावर शिकतो.

एवढा त्रास, तर मग करायचेच कशाला? काही भले लोक प्रामाणिकपणे म्हणतात की अशा जागी जाऊच नये, अभ्यास मोकळ्या समाजांचा करावा. मला हे पटत नाही, आणि त्याचे कारण अगदी व्यवहारी आहे. आपण मोजले नाही तर एकच मोजणारा उरतो, आणि त्याला आकडे नकोसे झाले की तेही थांबतात. १८८१ पासून दर दहा वर्षांनी होणारी जनगणना २०२१ ला झाली नाही. करोना गेला तरी ती लांबत राहिली आणि आता २०२७ ची घोषणा आहे. २०१७-१८ चे घरखर्चाचे राष्ट्रीय सर्वेक्षण सरकारने २०१९ मध्ये ‘दर्जा बरोबर नाही’ म्हणून दडपले. त्याच वर्षाच्या जानेवारीत बेरोजगारीचा अहवाल अडकवल्याच्या निषेधार्थ सांख्यिकी आयोगाचे पी. सी. मोहनन बाहेर पडले. मुंबईत देवनारला लोकसंख्याशास्त्राची जी संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी करते, तिच्या संचालकांना जुलै २०२३ मध्ये निलंबित केले गेले. सरकारने कारण दिले भरतीतल्या गैरप्रकारांचे, अनेक अभ्यासकांनी बोट दाखवले पाहणीतल्या अडचणीच्या आकड्यांकडे.

गोखल्यांच्या नावाच्या त्याच संस्थेतून धनंजयराव गाडगिळांनी १९३६-३७ मध्ये पुण्यात घरोघर माणसे पाठवून शहराची पाहणी केली, पहिला भाग १९४५ ला आला, दुसरा १९५२ ला. राज्य इंग्रजांचे होते, गाजावाजा काही नव्हता. आज या शहरातल्या मजुराचे तेव्हाचे उत्पन्न कोणाला हवे असेल तर त्या खंडांकडेच जावे लागते. उपयोग कोणाला होईल हे तेव्हा ठाऊक नव्हते. संशोधनाचे प्रयोजन मला इथे दिसते: ज्याला कोणी विचारले नसते त्याचा हिशेब कुठेतरी नोंदलेला असावा. परिवर्तन वगैरे पुढची गोष्ट.

उरते ती सगळ्यांत शांत हानी. अप्पा बळवंत चौकात पीएचडीच्या प्रबंधांचे टायपिंग आणि बाइंडिंग करणारी दुकाने आहेत. तिथे बाकावर बसून मुखपृष्ठे वाचणे हा माझा छंद आहे. ‘अमुक तालुक्यातील बचतगटांचा चिकित्सक अभ्यास’, ‘तमुक योजनेचे मूल्यमापन’. वाईट काही नाही त्यात. पण जात पंचायत, दंगल, पोलीस कोठडी, धरणग्रस्त, सहकारी बँकेतला घोटाळा असे विषय क्वचित दिसतात. कोणी बंदी घातलेली नाही. मार्गदर्शक हळूच म्हणतात, ‘हे नोकरी लागल्यावर करा.’ नोकरी लागल्यावर ‘कायम झाल्यावर’, मग ‘निवृत्तीनंतर’. मेहेंदळ्यांनी पाने फाडली ती तरी लिहिलेली होती.

दुर्गाबाई भागवतांचे नाव अशा वेळी सगळे घेतात. लोकसंस्कृतीची ही अभ्यासक कऱ्हाडच्या १९७५ च्या साहित्य संमेलनाची अध्यक्ष होती. आणीबाणीत, यशवंतराव चव्हाणांच्या देखत, तिने आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना केली आणि पुढे तुरुंगात गेली. दुर्गाबाई मोठ्याच. पण त्यांनी लावलेला डाव स्वतःचा होता, आणि म्हणूनच त्यांचे उदाहरण या वादात वाटते तितके उपयोगी नाही. आदिवासी पाड्यावरच्या ज्या बाईने त्यांना गाणे सांगितले असेल, तिच्या वतीने त्यांनी ते धाडस केले नव्हते.

हे सगळे लिहून झाल्यावरही एक गोष्ट माझ्या मांडणीत बसत नाही. त्या पाहणीनंतर काही वर्षांनी आमचा अहवाल पुस्तकरूपाने आला. तोवर शहाणपण आले होते; सगळी नावे बदललेली, गावे बदललेली, ऋणनिर्देशात ‘असंख्य ऊसतोड भगिनी’. मी एक प्रत घेऊन तिच्या गावी गेले. उचलीच्या प्रकरणाबद्दल माफी मागायची होती, ती मागितली. तिने ‘झालं ते झालं’ म्हणून चहा टाकला. नातीला पुस्तक देऊन म्हणाली, माझं कुठंय ते वाच. नातीने पान काढून वाचायला सुरुवात केली: ‘हौसाबाई (वय ३४) सांगतात…’

‘ही हौसाबाई कोण?’

मी समजावले. तुम्हाला पुन्हा त्रास नको म्हणून नाव बदलले. ती बराच वेळ पुस्तकाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘मार मी खाल्ला, उचल माझी गेली. आन् नाव हिचं?’